गुणिले तीन

भिवंडीत वारा मोजायची एक जुनी पद्धत आहे. वादळ होऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाकोणाचे पत्रे उडाले ते बघायचं. एखाद-दुसरा पत्रा सरकला असेल तर "जरा वारं होतं". अख्खी शेड उघडी पडली असेल तर "तुफान झालं". या दोन्हींच्या मधली पट्टी आमच्याकडे नाही. लूमच्या शेडवर सिमेंटचे पत्रे, पत्र्यांवर विटा, जुनी टायरं, मोडक्या लूमचं एखादं लोखंड.. एवढ्यावर आमचा वाऱ्याशी करार झालेला असतो.

यात हसण्यासारखं काही नाही बरं का. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्टने १८०५ साली वाऱ्याची जी ० ते १२ अशी प्रसिद्ध पट्टी केली, तीही याच जातीची होती. तिच्यात वेगाचा आकडा नव्हता. जहाजावर किती शिडं ठेवता येतात आणि किती उतरवावी लागतात, यावर वाऱ्याची पायरी ठरायची. त्याची शिडं, आमचे पत्रे. आणि भिवंडी-कल्याण ही तर एकेकाळची खाडीतली बंदरंच, तेव्हा शिडं आमच्याकडेही होतीच.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने समुद्रातून वर गुजरातकडे गेलं, तेव्हा आमच्या शेजारच्या लूमवाल्या चाचांच्या शेडचे सहा पत्रे गेले. सूत भिजलं, दोन बीम वाया गेले. संध्याकाळी गल्लीत नेहमीप्रमाणे चर्चा. चाचा म्हणाले, "कमसेकम डेढसौ का था". दुसरा कोणी म्हणाला, कसला दीडशे, साठ असेल, पत्रेच जुने होते. टीव्हीवर कुलाब्याचा आकडा सांगत होते, झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पण कुलाबा इथून पन्नासेक किलोमीटरवर, समुद्रात घुसलेलं टोक. आमच्याभोवती खाडी, गोदामं आणि इमारतींची दाटी. माझा भाचा तेव्हा आठवीत होता. तो सगळं ऐकून म्हणाला, "मामा, पण आपल्याकडे किती होता?"

गल्लीत याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. आणि प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा आडव्या आलेल्या वस्तूवर दर चौरस मीटरला साधारण १२ किलोचा भार टाकतो. ताशी १०० चा वारा टाकतो ४७ किलोचा. पत्र्याच्या बाबतीत हा जोर बऱ्याचदा दाबण्याऐवजी वर उचलतो. तीन चौरस मीटरचा पत्रा असेल तर पन्नासला पस्तीसेक किलो आणि शंभरला एकशेचाळीस. त्याच्यावर ठेवलेल्या चार विटांचं वजन दहा-बारा किलो! म्हणजे "साठ होता की शंभर होता" यावर चाचांनी पुढच्या वर्षी विटा ठेवायच्या की पत्रे हुक मारून नीट आवळून घ्यायचे, हे ठरतं.

तर आम्ही वारा मोजायचं यंत्र करायला बसलो. शाळा बंदच होत्या.

सामान सगळं घरातलं. एक छत्री होती, वाऱ्याने उलटी होऊन कायमची गेलेली. तिची दांडी उभी केली, खाली पत्र्याच्या डब्यात दगड-सिमेंट भरून. तिच्याच काड्या कापून चार हात केले. मधला तुंबा म्हणून लाकडी कांडी, जिच्यावर आडवा धागा भरून ती धोट्यात बसवतात ती. भिवंडीत रिकामी कांडी मिळवायला कष्ट पडत नाहीत. ती पोकळ असते, त्या पोकळीत सायकलचा एक छर्रा टाकला आणि कांडी उलटी करून छत्रीच्या दांडीवर चढवली. दांडीचं टोक छर्ऱ्यावर टेकतं आणि कांडी जवळजवळ न घासता फिरते. दोन प्लॅस्टिकचे चेंडू अर्धे कापून चार वाट्या झाल्या. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून काड्यांच्या टोकांना बांधल्या आणि एक वाटी लाल रंगवली, म्हणजे फेरे मोजता येतात. वाटीच्या खोलगट बाजूला वारा जेवढा अडतो तेवढा फुगीर बाजूला अडत नाही, तो बाजूने निसटून जातो. दोन्हींकडच्या जोरात इतका फरक पडतो की चाक गरगर फिरायला लागतं. वारा कुठल्याही दिशेने येवो, चाक एकाच बाजूला फिरतं, हे याचं मोठं सुख. आधीच्या यंत्रांना हे जमत नव्हतं. इटलीतल्या आल्बेर्तीने १४५० च्या सुमारास वाऱ्यात झुलणारी फळी वर्णन केली होती, दुकानाबाहेर टांगलेल्या पाटीसारखी. ती किती उचलली जाते ते बघायचं. पण तिला आधी वाऱ्याकडे तोंड करून ठेवावं लागतं.

गच्चीवर नेलं, फिरलं, पोरगं खूश. अर्ध्या मिनिटात ४० फेरे! आणि मग तो म्हणाला, "म्हणजे किती?"

इथे खरी गोष्ट सुरू होते.

फेरे मोजणं सोपं आहे. हाताची लांबी माहीत आहे, आमच्या यंत्रात वाटीच्या मध्यापर्यंत १५ सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्यात वाटी ९४ सेंटीमीटर जाते. वाटीचा वेग निघाला. पण वाटी वाऱ्याइतकी पळत नाही. एक बाजू वाऱ्याबरोबर जात असते तेव्हा दुसरी वाऱ्याच्या विरुद्ध येत असते, तिने लगाम लागतो. मग वाटीच्या वेगाला कितीने गुणलं की वाऱ्याचा वेग येतो? हा एकच आकडा हवा. आणि या एका आकड्याने हवामानशास्त्राला चाळीसेक वर्षं फसवलं.

चार वाट्यांचं हे यंत्र टॉमस रॉम्नी रॉबिन्सनचं. हा आयर्लंडमधल्या आर्मा गावच्या वेधशाळेचा प्रमुख, धंद्याने पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ. १८२३ ते १८८२, मरेपर्यंत, एकोणसाठ वर्षं एकाच खुर्चीवर! १८४६ साली त्याने हे यंत्र विद्वानांपुढे ठेवलं आणि सांगितलं की वाट्या वाऱ्याच्या बरोब्बर एक तृतीयांश वेगाने फिरतात. वाटी लहान असो की मोठी, हात आखूड असो की लांब, कायम एक तृतीयांश. म्हणजे गुणिले तीन करा आणि मोकळे व्हा. एवढं सोपं मिळाल्यावर कोण नाही म्हणणार? यंत्राला चाकं जोडली, चाकांना तबकड्या जोडल्या, तबकडीवर थेट मैल उमटायला लागले. गुणिले तीन यंत्राच्या दातांतच जाऊन बसला. वाचणाऱ्याला तो दिसतसुद्धा नव्हता.

२८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात कोसळला. गाडी पुलावर होती, तिच्यातलं कोणीही वाचलं नाही. पूल जेमतेम दीड वर्षं जुना. चौकशीत निघालं की पुलाचा आराखडा करताना वाऱ्याच्या जोरासाठी वेगळी तजवीजच केलेली नव्हती. मग इंजिनियर मंडळी विचारायला लागली की वादळात वारा नेमका किती असतो, म्हणजे पुढच्या पुलात तेवढा धरू. वेधशाळांकडे वह्याच्या वह्या भरलेल्या होत्या, पण त्या सगळ्या तीनने गुणलेल्या. तेव्हा विल्यम डाइन्स नावाच्या माणसाने एक लांबलचक आडवा हात वाफेच्या इंजिनावर फिरवायची सोय केली आणि टोकाला रॉबिन्सनची वाट्यांची चक्री बांधून ती तपासायला घेतली. टोकाचा वेग माहीत असल्यामुळे चक्रीला लागणारा वाराही माहीत. इंग्लंडात जे नेहमीचं मोठं यंत्र वापरत, त्याचा आकडा ३ नव्हे, २.२ च्या आसपास निघाला. म्हणजे १०० मैल म्हणून लिहिलेलं वादळ खरं ७३ मैलांचं! शिवाय आकडा यंत्रागणिक बदलतो, वाटीच्या आणि हाताच्या मापावर अवलंबून असतो, वेगाप्रमाणेही थोडा सरकतो. रॉबिन्सन स्वतः तोवर हयात नव्हता. आपल्या तीनबद्दल त्याने म्हातारपणी पुन्हा प्रयोग केले होते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पुढे १९२६ मध्ये कॅनडाच्या जॉन पॅटर्सनने दाखवलं की चारपेक्षा तीन वाट्या जास्त चांगल्या. त्यांचं फिरणं एकसारखं राहतं आणि झोताला त्या लवकर दाद देतात. आज वेधशाळांत दिसतात त्या तीन वाट्या त्या. (आमच्या घरी चारच राहिल्या. दोन चेंडू कापल्यावर चौथी वाटी टाकून देणं आईच्या स्वभावात बसत नाही.)

टे पुलाची गोष्ट लांबची वाटत असेल तर १३ मे २०२४ आठवा. घाटकोपरचा जाहिरातफलक वळवाच्या वादळात पेट्रोल पंपावर पडला, १७ माणसं गेली. मुंबईसाठी भारतीय मानकात बांधकामाला धरायचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. हा आकडा कोणीतरी आकाशातून काढलेला नाही. ठिकठिकाणी वर्षानुवर्षं वाऱ्याची चक्री फिरली, कोणीतरी तिच्याखाली उभं राहून वही भरली, त्यातून तो आलाय. आकडा पुस्तकात होता. फलक तेवढ्याचा नव्हता.

आता वही भरणाऱ्यांबद्दल थोडं, कारण त्यांत आपली माणसं आहेत.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, मुळात ग्रहताऱ्यांच्या वेधांसाठी आणि बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून बांधलेली. १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली तिथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पद्धतशीर सुरू झाल्या. आणि काही काळ त्या वेधशाळेचा कारभार पाहिला तो आपल्या बाळशास्त्री जांभेकरांनी. 'दर्पण'कार म्हणून ६ जानेवारीला दरवर्षी हार घातला जातो ते बाळशास्त्री. रात्री-अपरात्री उपकरणांचे आकडे टिपणारी जागाही त्यांनी सांभाळली, हे हार घालणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं कोण जाणे. योगायोग बघा, रॉबिन्सनने वाट्या दाखवल्या त्याच १८४६ साली बाळशास्त्री गेले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

त्याच वेधशाळेत केरूनाना छत्रे विशीच्याही आत असताना लागले. १८२४ चा जन्म, अलिबागजवळच्या नागावचे. पुढे टिळक-आगरकरांचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो, 'ग्रहसाधनांची कोष्टके'वाले म्हणून ओळखतो. पण त्याआधी दहाएक वर्षं हा माणूस कुलाब्याला ठरल्या वेळी उठून पारा, ओलावा, वारा टिपत होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. व्याख्यान देणं एक आणि मुंबईच्या पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन आकडा वाचायला जाणं दुसरं. केरूनानांच्या शिकवण्याबद्दल त्यांच्या विद्यार्थ्यांना जो आदर होता, त्यात या दहा वर्षांचा वाटा नक्की असणार असं माझं आपलं मत. (आणखी एक गंमत: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकत्वाची वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला गेली, नानांच्या गावच्या शेजारी. वारा आणि पाऊस मात्र कुलाब्यालाच राहिले. ५ ऑगस्ट २०२० ला ताशी १०६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला तो तिथेच.)

पण ही सगळी उपकरणं यायची बाहेरून. भारतीय हवामान खातं १८७५ चं, कलकत्त्याला सुरू झालं, मग सिमल्याला गेलं, १९२८ मध्ये पुण्याला आलं. म्हणून शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणतात, आणि सिमल्याला कधीही न गेलेले रिक्षावाले तिथे बरोबर नेऊन सोडतात. असो. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साधी उपकरणंसुद्धा विलायतेहून मागवावी लागत. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या उपकरण विभागात अण्णा मणी रुजू झाल्या. केरळातल्या पीरमेडच्या, १९१८ चा जन्म. रामन यांच्या हाताखाली बंगळूरला काम केलेलं, पण पदव्युत्तर पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही ती नाहीच. इंग्लंडात जाऊन उपकरणांचंच शास्त्र शिकून आल्या. पुण्यात त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे पक्के केले, म्हणजे कुठल्याही कारखान्यात केलं तरी यंत्र तेच निघावं, आणि प्रत्येक यंत्र तपासून, प्रमाणाशी ताडून मगच बाहेर पाठवायचं. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. रॉबिन्सनच्या तीनची गोष्ट माहीत असली की हे वाक्य किती महागात पडून आलंय ते कळतं.

निवृत्तीनंतरही त्या वाऱ्यातच होत्या. देशभरात कुठे किती वारा वाहतो याच्या मोजणीचं मोठं काम त्यांनी केलं, बंगळूरला त्यासाठी लागणाऱ्या उपकरणांचा कारखाना काढला. पवनचक्कीला वेगाचा घन लागतो. म्हणजे मोजताना वेग दहा टक्के जास्त धरला गेला तर वीज तेहेतीस टक्के जास्त दिसते. सातारच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पाटणजवळ वनकुसवड्याला आज पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. अशी एकेक जागा निवडण्याआधी तिथे एखाद्या खांबावर तीन वाट्या महिनोन्महिने फिरलेल्या असतात.

तर आमच्या छत्रीच्या यंत्राला डाइन्सचं वाफेचं इंजिन कुठून आणायचं? चाचांचा टेम्पो होता. सुताची पोती आणायचा, मागून उघडा. वारा नसतानाच्या हवेत टेम्पो ताशी २० ने गेला तर यंत्राला ताशी २० चाच वारा लागतो. पहाटे साडेपाचला, वारा पडलेला असताना, राहनाळकडच्या गोदामांच्या आतल्या सरळ रस्त्यावर गेलो. यंत्र बांबूला बांधून टपाच्या चांगलं हातभर वर धरलं, कारण टेम्पोच्या नाकाने ढकललेली हवा लागली तर सगळंच फुकट. स्पीडोमीटरवर विश्वास ठेवला नाही. १०० मीटर टेपने मोजून खडूच्या खुणा केल्या आणि वेळ लावली, ताशी २० असेल तर १८ सेकंद लागायला हवेत. चाचा स्वतः चालवत होते. ताशी १० ने टेम्पो चालवणं हा त्यांच्या मते जनावराचा छळ होता, पण केलं. जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजलं, म्हणजे चुकून थोडा वारा असलाच तर तो कटतो. फेरे भाच्याने मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये टिपले आणि घरी येऊन मोजले. ही सोय डाइन्सला नव्हती.

अर्ध्या मिनिटातले फेरे असे आले: ताशी १० ला २३, २० ला ५१, ३० ला ७९, ४० ला १०७. वाटीचा वेग काढून भागलं तर आपला आकडा अनुक्रमे ३.८, ३.५, ३.४ आणि ३.३. म्हणजे तीन नाहीच, आणि स्थिरही नाही. कमी वाऱ्यात कांडीचं घासणं जास्त नडतं, जोराच्या वाऱ्यात ते झाकलं जातं. पोराने पहिल्या दिवशी मोजलेले ४० फेरे म्हणजे ताशी १६ किलोमीटर. ते गुणिले तीनने काढले असते तर १४ सुद्धा आले नसते.

आलेख कागदावर काढला तर चारही ठिपके एका सरळ रेषेत बसले. फक्त ती रेषा शून्यातून निघत नाही. ताशी दोनेक किलोमीटरपर्यंत यंत्र हलतच नाही. ती रेषाच आता गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, फेरे बघायचे आणि बोट सरकवून वेग वाचायचा.

भाचा आता कॉलेजात आहे, पण वही चालू आहे. उन्हाळ्यात दुपारी खाडीकडून खारे वारे सुरू होतात ते वहीत अगदी घड्याळ लावल्यासारखे दिसतात, आणि पहाटे मतलई वारे इतके मंद की यंत्र जेमतेम हलतं. नियमाप्रमाणे मोजणी मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटरवर व्हायला हवी. आमची गच्ची साधारण तेवढ्या उंचीवर आहे, पण पश्चिमेला नवी इमारत उठली आहे, त्यामुळे त्या बाजूचे आकडे २०२३ पासून वेगळ्या रकान्यात लिहितो. आणि टेम्पो ४० च्या पुढे नेला नव्हता, त्या खड्ड्यांत नेणं शक्यही नव्हतं. म्हणून फेरे १०७ च्या वर गेले तर रेषा पुढे वाढवायची नाही, वहीत नुसतं "४० च्या वर" लिहायचं असं ठरलं आहे. गेल्या पावसाळ्यात अशा नऊ नोंदी आहेत.